मधात जागा हाये

तायडेकाकांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ते माझ्या नाकाकडे बघत राहिले. मान तिरकी करून एकदा डावीकडून पाहिलं, एकदा उजवीकडून पाहिलं आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "अवं, दुसऱ्या पानावरचं हाये. वरच्या ओळीतलं."

मी नुकतंच दर्यापूरहून अमरावतीला बिऱ्हाड हलवलं होतं आणि दुधाची पिशवी हातात घेऊन त्यांच्या फाटकाशी उभी होते. आतून सुमनकाकूंचा आवाज आला, "त्याईले आधी चहा तं विचारा. नाक कुठी पळून नाई चाललं."

मी दातांची डॉक्टर आहे. माणूस भेटला की आधी त्याचे दात बघायची खोड मलाही आहे, त्यामुळे रागवायला मला तोंड नव्हतं. शिवाय काकांचे दात चांगले होते. तंबाखूला कधी हात न लावलेल्या माणसाचे दात वेगळेच दिसतात. तेव्हा मी त्यांना माफ केलं आणि चहाला आत गेले.

आत टीव्ही होता आणि टीव्हीखाली खेळांचा एक पांढरा डबा. काकांच्या मुलीने, रोशनीने, पहिल्या पगारातून तो घेतला होता. काकूंचा खांदा आखडला होता, हात वर जात नव्हता. या डब्याचा रिमोट हातात धरून हवेत हात फिरवला की टीव्हीतला माणूस चेंडू टोलवतो. तेवढाच आईला व्यायाम, असा मुलीचा हिशेब. काकूंचा खांदा मोकळा झाला आणि काका अडकले.

त्या डब्यात खेळायचं तर आधी आपला माणूस बनवावा लागतो. केस, भुवया, डोळे, नाक, मिशा, सगळं पानापानांवर मांडलेलं असतं. एकेक उचलायचं, वर-खाली सरकवायचं, लहान-मोठं करायचं. शेवटी उंची आणि जाडी, त्यांच्यासाठी मागेपुढे ओढायच्या दोन कमानी. एकदा माणूस तयार झाला की त्या डब्यातल्या सगळ्या खेळांत तो आपोआप हजर. टेनिस खेळेल, गाड्यांच्या शर्यतीत गाडी पळवेल, बेटावर सायकल फिरवेल, आणि काहीच नाही तर प्रेक्षकांत उभा राहून टाळ्या वाजवेल.

"हा पास हाये, डॉक्टरबाई," काका म्हणाले. "एकदा काढला का कोणत्याई गाडीत बसा."

काका लाल गाडीवर कंडक्टर होते. अमरावती-अकोला, अकोला-अमरावती, नोकरीची बहुतेक वर्षं याच रस्त्यावर गेली. निवृत्त झाल्यावर बॅग सुटली, तिकिटं सुटली, पण एक वाक्य सुटलं नाही. "मधात जागा हाये, पुढं सरका." विहारात रविवारी वंदनेला गर्दी झाली की काका हे म्हणणार. लग्नाच्या पंगतीत म्हणणार. माझ्या दवाखान्यात दात साफ करायला आले, तेव्हा बाकावर बसलेल्या लोकांना सरकवून त्यांनी दारातल्या बाईला जागा करून दिली. बाई दातांची पेशंट नव्हती, पाऊस थांबायची वाट बघत होती. मग काका खुर्चीत आडवे झाले. मी त्यांच्या तोंडात बघत होते आणि ते माझ्या भुवयांत. चूळ भरल्याबरोबर म्हणाले, "तुमची डावी भुवई वर हाये. मीनं सारखी केली होती. आता दुरुस्त करा लागते."

मी घरी जाऊन आरशात पाहिलं. वर आहे.

तर अशा रीतीने आमची सगळी कॉलनी त्या डब्यात बसली. फाटकात कोणी आलं की काका त्याला खिडकीसमोरच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचे, उजेड तोंडावर येईल असा. सिलिंडर आणणारा बसला, वीज मीटरवाली बसली, मुलगी दाखवायला अंजनगावहून आलेले पाहुणे घर चुकून इकडे शिरले, तेही बसले. स्थळ जमलं नाही, पण मुलीचे वडील अजून बेटावर सायकल चालवतात.

आता माणूस म्हटला की तक्रार आलीच. समोरच्या देशमुखकाकूंनी स्वतःला टीव्हीत पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "काहून जी तायडेभाऊ, मले एवढी जाड काहून केली?"

"मी काय करू बाप्पा? मशीनमंदी दोनच कमान्या हायेत. एक उंचीची, एक जाडीची. उंची तुमची कमीच हाये."

"मंग जाडी बी कमी करा ना."

काकांनी त्यांच्या देखत कमान मागे ओढली. काकू खूश होऊन गेल्या. त्यांचं फाटक वाजलं तशी काकांनी कमान होती तिथे आणून ठेवली. "खोटं तिकीट कधी फाडलं नाई मीनं," ते मला म्हणाले. "आता कशाले फाडू?"

कोपऱ्यावरचे काळे बंधू मधल्या भिंतीच्या भांडणापासून एकमेकांशी बोलत नाहीत. भिंत कमरेएवढी, भांडण डोक्याएवढं. पण डब्याला हे कोण सांगणार? त्याने दोघांना टेनिसच्या एका बाजूला उभं केलं. ही बातमी पसरली आणि थोरले काळे काकांच्या पुढच्या खिडकीत येऊन उभे राहिले, धाकटे मागच्या. थोरल्याने चेंडू सोडला की धाकट्याने उचलला. दोघं जिंकले आणि टीव्हीत उड्या मारू लागले. बाहेर दोघं दोन रस्त्यांनी घरी गेले.

गुल्हाने गुरुजींचं तर काय सांगू. गुरुजी वारले, पण डब्यात त्यांचा धोतर-टोपीचा रुबाब नसला तरी चष्मा तोच, आणि बोलिंगमध्ये त्यांना हरवणं आजही अवघड. गुल्हानेबाई अधूनमधून येतात, काकांच्या सोफ्यावर बसतात आणि गुरुजींचा खेळ बघतात. एकदा गुरुजींनी सगळ्या बाटल्या पाडल्या आणि दोन्ही हात वर करून नाचले. बाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "घरी तं पाण्याचा गिलास उचलत नोहते." आणि पदराने चष्मा पुसला.

"घरात माणसं दोन अन् टीव्हीत सारा गाव," सुमनकाकू म्हणायच्या. हे त्या चिडून म्हणत, पण त्यातलं पहिलं अर्धं वाक्य जरा हळू असायचं.

कारण रोशनी लग्न होऊन अकोल्याला गेली होती. जावई भला माणूस, घर प्रशस्त. दोघं सारखे म्हणायचे, या, राहा, महिना-दोन महिने राहा. काकू जायच्या. काका सकाळच्या गाडीने जायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. रोशनीला मुलगी झाली तेव्हाही तेच. पाळण्यात डोकवायचं, दोन घास खायचे, बसस्टँड. "माहे इथं एवढे पॅसेंजर हायेत," असं कारण सांगायचे. जावयाला वाटायचं सासरे आपल्यावर नाराज आहेत. रोशनीने एकदा मला फोन करून विचारलं, "डॉक्टर, बाबाले आमचं घर आवडत नाई का?"

नातीचं नाव मैत्री. तिचा पास काढायचा काकांना ध्यास लागला होता, पण घाई चालत नव्हती. "नाक अजून ठरलं नाई तिचं. लेकराचं नाक लवकर नाई ठरत." अखेर एका भेटीनंतर अकोल्याहून आले ते थेट माझ्या दारात. "ठरलं. माह्या मायचं नाक हाये. पहिल्याच पानावर."

त्यांनी टीव्ही लावला, नवा माणूस करायला घेतला आणि डब्याने सांगितलं, जागा संपली. जुनं कोणी काढा, मग नवं घाला.

काकांनी बंद करून पुन्हा लावला. तेच. त्यांनी डब्याला थोपटलं. "मधात जागा हाये ना बाप्पा," ते त्याला समजावून सांगत होते, "थोडं सरकव त्याईले." डबा सरकवायला तयार नव्हता. भर यात्रेच्या दिवसात, टपावर बोकड अन् आत तीन लग्नं घेऊन गेलेला हा माणूस. गाडी फुल झाली हे शब्द त्याने कधी तोंडातून काढले नव्हते.

रोशनी मैत्रीला घेऊन रविवारी येणार होती. तोवर कोणाला तरी उतरवणं भाग होतं, आणि हे कॉलनीला कळायला फार वेळ लागला नाही. ज्यांनी आजवर त्या टीव्हीची टिंगल केली, तेही आता काळजीत पडले. देशमुखकाकू गोळाभाताचं पातेलं घेऊन आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "जाड असली तं असू द्या मले. पण असू द्या." थोरले काळे सुचवून गेले की धाकट्याला उतरवा. धाकटे येऊन थोरल्याचं नाव सांगून गेले. काकांनी दोघांना तोंडावर सांगितलं, "तुमी दोघं डबल सीटवर हाये. एक उतरला तं दुसऱ्याले बी उतरा लागन."

आणि मग गुल्हानेबाई आल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आमच्या याईले उतरवा, तायडेभाऊ. त्याईची तं फेरी झाली. लेकरू नवीन हाये."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. रिमोटच्या मागची बॅटरीची झाकणी काढत-लावत राहिले. "गुरुजीचं स्टॉप आलं नाई अजून," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या."

मी त्यांना म्हणाले, अंजनगावच्या त्या पाहुण्यांना काढा, त्यांना कुठे कळणार आहे? काकांना माझं बोलणं लागलं. "तिकीट काढलेला माणूस हाये तो, डॉक्टरबाई. त्याले न सांगता कसा उतरवू?"

रविवारी रोशनी आली. तिच्यामागे निमित्तं काढून सगळी कॉलनी आली, कारण कोण उतरलं ते बघायचं होतं. सोफ्यावर माणसं, दिवाणावर माणसं, दारात माणसं. "मधात जागा हाये," काकांचं चालूच होतं. मैत्रीला त्यांनी खिडकीसमोर काकूंच्या मांडीवर बसवलं आणि कामाला लागले. डब्यात तान्हं मूल होत नाही, म्हणून सगळ्यात ठेंगणी कमान. गाल लाल. पहिल्या पानावरचं नाक. डब्याने या वेळी कुरकुर केली नाही. मैत्री सगळ्या गावाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि पापण्या मिटू-उघडू लागली.

मग शोधाशोध. देशमुखकाकू सापडल्या, जाडीसकट. दोन्ही काळे सापडले. गुरुजी होते. मीटरवाली होती, अंजनगावचे पाहुणे होते, माझी डावी भुवई होती. प्रत्येकाने स्वतःला पाहून श्वास सोडला, आणि उतरलं कोण ते कोणालाच कळेना.

रोशनी मात्र टीव्हीजवळ जाऊन पुन्हा पुन्हा बघत होती. मग तिने मागे वळून विचारलं, "बाबा, तुमी कुठी हाये?"

"मी इथं हावो ना. हा काय तुह्यासमोर."

"टीव्हीत कुठी हाये?"

काका हसले. "गाडी फुल असली तं कंडक्टर उभ्यानं जाते, बाई. त्याले कुठी सीट पाहिजे असते?"

सुमनकाकू मैत्रीचं टोपडं सारखं करत म्हणाल्या, "सारी नोकरी उभ्यानंच केली. मुक्कामाची ड्युटी एकदा घेतली नाई, दुसऱ्याले बदलून द्यायचे. पोट्टी दारात जागी राहायची म्हणून. आता पोट्टी तिकडं निजते, तरी याईचे पाय संध्याकाळी इकडंच वळतात."

काका म्हणाले, "घरी येऊन झोपाची सवय हाये, बस."

रोशनीने डोळे पुसले नाहीत, पर्समधून फोन काढला आणि एक फोटो उघडून त्यांच्यापुढे धरला. तिच्या अकोल्याच्या टीव्हीचा फोटो होता. तिच्याकडेही असाच डबा होता. काकांना तो कधी दिसला नव्हता, कारण तो संध्याकाळीच कपाटातून निघायचा आणि संध्याकाळी काका परतीच्या गाडीत. त्या टीव्हीत एकच माणूस उभा होता. काळेभोर केस, जाड मिशी, खाकी रंगाचा सदरा. रोशनी दुसरीत होती तेव्हाचे तायडे कंडक्टर.

काका फोटोकडे बघत राहिले. आम्ही सगळे वाट बघत होतो की आता ते म्हणतील, केस चुकले, मिशी चुकली, कमान ओढा. खोटं तिकीट न फाडणारा माणूस.

"नाक बरोबर हाये," ते म्हणाले. मग म्हणाले, "बाकी राहू दे तसंच. दुरुस्त नको करू."

"तिथं तुमी एकटेच हाये, बाबा," रोशनी म्हणाली. "मधात जागाच जागा हाये."

काकांनी फोन परत दिला. मैत्रीला काकूंच्या मांडीवरून उचलून खांद्यावर घेतलं, खिडकीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. अमरावती-अकोल्याचं वेळापत्रक त्यांना अजून झोपेतही म्हणता येतं. तरी त्यांनी बाहेर बघतच विचारलं, "उद्या अकोल्याची गाडी कितीले हाये व?"

दुसऱ्या दिवशी काकूंबरोबर अकोल्याला निघताना त्यांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली. पॅसेंजरकडे लक्ष ठेवा म्हणाले. काका अजून आलेले नाहीत. मी संध्याकाळी दवाखाना बंद करून जाते, टीव्ही लावते आणि सगळे पॅसेंजर आपापल्या जागी आहेत ना, तेवढं बघून येते.