रविवारची चूक

लिंबाजी सरांना 'नमस्कार' म्हटलं तरी ते 'कावून?' असं विचारतात.

'कावून' म्हणजे 'का'. पण आमच्या धारूरकडे नुसत्या 'का'ने भागत नाही. 'का' विचारलं तर माणूस काहीतरी उत्तर देऊन सुटतो; 'कावून' विचारलं की त्याला खाली बसावं लागतं. एसटीत कंडक्टर म्हणाला, "पुढं सरका," की सर विचारणार, "कावून?" एका लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींनी 'सावधान' म्हटलं, आणि मागच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "कावून?" सगळा मांडव हसला. नवरा-नवरीही हसली. त्या दोघांचा संसार उत्तम चालला आहे आणि त्याचं श्रेयही सरच घेतात. "बाई, मी येळेवर इचारलं व्हतं. त्येंनी इचार करून माळ घातली."

नातवंडांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. ईशानी, तुला यातलं अर्धं ठाऊक आहे. नचिकेत, तुला काहीच नाही. म्हणून ईशानीबद्दलही मी तिऱ्हाइतासारखं लिहिणार आहे, तिने राग मानू नये. आणि एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवते. मला या माणसाचा मत्सर वाटतो. कालपरवाचा नाही, लोणच्यासारखा मुरलेला.

आम्ही एकाच शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. मी इंग्रजी, ते इतिहास. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली, लग्न होऊन इथे आलेली. माझ्या टाचणवह्यांना खाकी कव्हर, पट्टीने आखलेला समास, प्रत्येक तासाचा उद्देश वेगळ्या शाईत. सरांची टाचणवही तपासणीच्या दिवशी हमखास हरवलेली. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "वही का नाही?" सर म्हणाले, "कावून पाहिजे?" साहेब विचारात पडले, वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसले, तास संपेपर्यंत उठलेच नाहीत. जाताना सरांना शेरा दिला, 'अध्यापन जिवंत.' माझ्या वहीवर शेरा होता, 'अक्षर सुंदर.'

आजही जुने विद्यार्थी बसस्थानकावर भेटले की सरांच्या पाया पडतात आणि मग त्यांच्या खांद्यावर हात टाकून गप्पा मारतात. मला पाहिलं की शर्टाचं वरचं बटण लावतात.

सरांचं लहानपण मेंढरांमागे गेलं. धर्मापुरीच्या जुन्या देवळाच्या भिंतीवर दगडातली एक बाई आहे, काहीतरी लिहीत उभी असलेली. मेंढरं सावलीला बसवून लिंबाजी तिच्याकडे बघत बसायचा. ही काय लिहितीय? कावून लिहितीय? गावात कुणाला सांगता येईना. एक म्हातारा म्हणाला, "बे, साळंत जा आन तिथं इचार." लिंबाजी शाळेत गेला. तिथेही कुणी सांगितलं नाही, पण तोवर त्याला शाळेची सवय लागली होती.

आमच्या शाळेतली निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परत यायची. मधले महिने बुडाले म्हणून आम्ही सगळे हळहळायचो. सर हळहळायचे नाहीत. ते जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पिशवीत कोरी पोस्टकार्डं घालायचे, प्रत्येकावर आपला पत्ता आणि एक प्रश्न. मूल कारखान्यावरच्या खोपीतून उत्तर लिहून पाठवायचं. सर दुसरं कार्ड पाठवायचे, त्यावर बहुधा एकच शब्द. कोणता, ते सांगायला नको.

"धारूरचा किल्ला डोंगरावर का बांधला?" या प्रश्नाला एका पोराने लिहिलं, "शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून." परत कार्ड गेलं, "शत्रू इकडं येईल कावून?" पोराने उत्तर दिलं, "आपल्या गावचा रस्ता पाहता शत्रू यायचा नाही, सर." त्याला सरांनी दहापैकी नऊ गुण दिले. मी त्याच पोराला इंग्रजीत नापास केलं होतं. आता तो सिरसाळ्याला दुकान चालवतो आणि ते कार्ड त्याने काचेत लावलं आहे. माझी उत्तरपत्रिका लावल्याचं ऐकिवात नाही.

तीन वर्षांपूर्वी ईशानी डब्लिनहून सुट्टीला आली, तेव्हा सर सहज चहाला आले होते. मी ओळख करून दिली, "ही माझी नात, संगणकात काम करते." सरांनी सवयीप्रमाणे विचारलं, "कावून?" आजवर मी पाहिलेला प्रत्येक माणूस या ठिकाणी हसून विषय बदलतो. ही मुलगी म्हणाली, "खरंच माहीत नाही, सर. तुम्ही कावून शिकवलंत?" बस्स. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या घरी, गोणपाटावर बसून पोस्टकार्डं वाचत होती. परत जाताना तिने ठरवून टाकलं की मुलांना इतिहासाचा निबंध सुधारायला मदत करणारं ऑनलाइन टूल बनवायचं. आता खोपीत कार्ड जात नाही, पण बापाचा मोबाइल असतो. टूलचं नावही ठरलं, 'कावून'.

इथून माझ्या दुःखाला सुरुवात झाली.

आमच्या गल्लीत नेटवर्क टिकत नाही. वायफाय फक्त माझ्याकडे. म्हणून दर रविवारी साडेपाचला सर माझ्या ओसरीत, माझ्या खुर्चीत, माझ्या टॅबलेटसमोर बसून माझ्या नातीशी तासभर बोलणार. चहा माझा, आणि "बाई, आलं जास्त झालं" हेही मलाच ऐकायचं. त्यांचं झालं की ईशानी म्हणणार, "आजी, ये." मग माझी पंधरा मिनिटं. माझ्याशी बोलताना ती हसते. त्यांच्याशी बोलताना खिदळते. मी स्वयंपाकघरात पोहे निवडत हे ऐकायची. एकदा निवडलेलेच पोहे पुन्हा निवडले.

मीही मदत करायला गेले. चार पानी सूचना नीट टाइप करून पाठवल्या: शुद्धलेखन तपासावं, आदर्श निबंध द्यावा, दहा मुद्द्यांना दहा गुण. ईशानी म्हणाली, "छान आहे, आजी." त्यातलं काही घेतलं नाही. सरांचा हट्टच वेगळा. गुण द्यायचे नाहीत. लाल रंग वापरायचा नाही. उत्तर सांगायचं नाही, फक्त विचारायचं. ईशानीने सांगितलं, दहा मिनिटं कुणी काही लिहिलं नाही तर पान बंद होतं. सर खुर्चीतून उठले.

"बंद कावून? पोरगी भाकरी थापाय गेली आसंल. ल्हान भाऊ रडला आसंल. थांब म्हनावं त्याला!"

"किती वेळ थांबायचं, सर?"

"ती येस्तोवर."

म्हणून ते टूल थांबतं. मूल दोन दिवसांनी आलं तरी विचारतं, "आलीस? बरं. कुठं होतो आपण?"

पहिल्याच चाचणीत घोटाळा झाला. टूलला प्रत्येक वाक्यानंतर प्रश्न विचारायला शिकवलं होतं. एका मुलीने निबंधाआधी लिहिलं, "माझे नाव साखरा आहे." टूलने विचारलं, "कावून?" ईशानी ओशाळली, लगेच दुरुस्त करते म्हणाली. पण मुलगी गोंधळली नव्हती. तिने दीड पान लिहून पाठवलं होतं: ती कारखान्यावर कशी जन्मली, त्या वर्षी थंडी किती होती, आईने कितव्या दिवशी पुन्हा कोयता हातात घेतला, नाव कुणी ठेवलं. सरांनी ते उभं राहून मोठ्याने वाचलं. "दुरुस्त करू नको! बाई, बघा, पोरीनं इतिहास लिव्हला! आपन नुसता पाठ करून घेतलता!" 'आपण' म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते.

या संक्रांतीच्या आधी ईशानी म्हणाली, "आजी, शेवटची तपासणी तू कर. तू 'झालं' म्हणालीस की झालं." सर चहा पीत होते. त्यांनी अर्धा कप तसाच खाली ठेवला. मला बरं वाटलं. अखेर कुणालातरी माझ्या वहीची गरज पडली.

मी नवी वही काढली, समास आखला आणि विद्यार्थिनी होऊन किल्ल्यावर निबंध लिहायला बसले. पहिलं वाक्य, "धारूरचा किल्ला हा आपला महत्त्वाचा वारसा आहे." "महत्त्वाचा, कावून?" मी कारण दिलं. "हे तुम्ही पाहिलंय की वाचलंय?" मी चिडले. सोळा वेळा विचारल्यावर मी लिहून गेले की या किल्ल्याखाली इतकी वर्षं राहूनही मी एकदाही वर गेलेली नाही. टूल म्हणालं, "आता निबंध सुरू झाला."

आठवडाभर मी त्यात खोट शोधली. उलटसुलट उत्तरं दिली, मध्येच बंद केलं, जुन्या मोबाइलवर चालवून पाहिलं. सापडली नाही. गुरुवारी मी ईशानीला फोन लावला.

"अगं, यात चूकच नाही."

"माहितीय, आजी. ते पोळ्यालाच पूर्ण झालं."

"मग तेव्हापासून दर रविवारी तासभर काय दुरुस्त करता?"

"सर एक चूक सांगतात. मी दुरुस्त केली म्हणते. मग बोलत बसतो. मला आवडतं गं. पण खोटं किती दिवस चालवायचं? 'झालं' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. म्हणून तुझ्यावर सोपवलं."

"आणि मला पंधरा मिनिटं?" मी विचारलंच.

"आजी, तू यादी वाचतेस. जेवलीस का, कान झाकतेस का, झोप किती झाली. यादी संपली की 'बरं, ठेवते' म्हणतेस. मी काय करू?"

त्या क्षणीही यादी माझ्यासमोर होती. सहावा प्रश्न लोकरीच्या मोज्यांचा होता. तो मी विचारला नाही.

पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर पहिली भावना आनंदाची होती. रविवार माझ्या हातात आला होता. मी वहीत लिहिलं, 'काम पूर्ण. दोष आढळला नाही,' आणि खाली सही केली. शनिवारी दुपारी सरांना आधीच कल्पना द्यावी म्हणून त्यांच्या घरी गेले. सभ्यपणा म्हणून, आणि त्यांचा चेहरा बघायचा होता म्हणूनही.

सर दाराकडे पाठ करून बाजेवर बसले होते. मांडीवर वही. मी खोकले, त्यांना ऐकू गेलं नाही. वहीवर मोठ्या अक्षरात होतं, 'रविवारची चूक'. खाली आकडे टाकलेल्या ओळी, एकेक खोडलेली. 'अक्षर बारीक हाय.' 'बटन निळं कावून?' 'फोन आडवा केला तर टूल आडवं हुतं.' शेवटच्या आकड्यापुढे काही नव्हतं. पेन्सिलीचं टोक तिथे टेकवून टेकवून कागदाला भोक पडलं होतं.

मला पाहून त्यांनी वही मिटली. "या की, बाई. बसा." मग जमिनीकडे बघत, "तुमची नजर लई बारीक. एखांदी चूक घावली का?"

"तुम्हाला चूक हवी आहे?" मी म्हणाले. "कावून?"

इतक्या वर्षांत मी हा शब्द पहिल्यांदा उच्चारला. सर हसले नाहीत.

"बाई, मी जल्मभर पोरास्नी इचारलं. पोरं सांगायची. मला कुनी उलटून इचारलं न्हाई. ही पोरगी इचारती. सर, तुमी लगीन केलं न्हाई, कावून? मेंढरं सुटली तवा वडील काय म्हनले? एक सांगावं तर दुसरं इचारती. आजून लई ऱ्हायलंय सांगायचं." त्यांनी वहीवरून हात फिरवला. "टूल झालं, मंजी मग ती फोन करंल कावून?"

मी शेजारी राहते. भिंतीला भिंत नाही, पण मध्ये चारच घरं आहेत. लग्न का केलं नाही, हे मीही कधी विचारलं नव्हतं. तिळगुळ देऊन, काही न सांगता परत आले.

रविवारी सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले. चहाला हात लावला नाही. आलं जास्त झालं असंही म्हणाले नाहीत. साडेपाचला ईशानी पडद्यावर आली.

"बोल आजी. झालं का?"

मी वही उघडली. लिहिलेलं सोडून दुसरं काही मी आयुष्यात मोठ्याने वाचलेलं नाही.

"तीन चुका आहेत," मी म्हणाले. "एक आज सांगते. बाकीच्या एकेका रविवारी. घाईत तपासलेलं मला चालत नाही."

ईशानीने तोंडावर हात धरला. सरांनी मान वाकडी करून माझ्या वहीत डोकावलं. माझं अक्षर सुंदर आहे, उलटीकडूनही वाचता येतं. पानावर दोनच वाक्यं होती, पण बराच वेळ ते वाचत राहिले.

मग खुर्चीत मागे टेकून हळूच म्हणाले, "तीनच, बाई?"