थोरातकाकांची रविवारची पाहणी

जुन्या चर्चमध्ये गेल्यावर माणसं आधी वर छताकडे बघतात. आमचे थोरातकाका आधी मागच्या बाजूला जाऊन पाण्याचा निचरा बघत.

दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. नगरकडचे ख्रिस्ती, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर, निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. त्या दिवसांत क्वार्टरमधला जो तो फ्लॅट बुक करत सुटला होता. कुणी मयूर विहारला, कुणी नोएडाला. जिन्यात भेटलेला माणूस "कसे आहात"च्या आधी "पझेशन कधी?" विचारायचा. काकांनी मात्र काहीच बुक केलं नव्हतं. "बघतोय," एवढंच म्हणायचे.

आणि रविवारी आम्हाला चर्चं बघायला न्यायचे. गाझियाबादच्या पलीकडे उसाच्या शेतांमध्ये इंग्रजांच्या काळातली चार चर्चं होती. चारही एकाच खेड्यातल्या पाळकसाहेबांच्या ताब्यात. काकांची सेकंडहँड मारुती व्हॅन, पुढे आम्ही दोघं, मागे माझी बायको आणि थोरातकाकू, काकूंच्या मांडीवर थालीपिठांचा डबा. मला इतिहासाचं भारी वेड. रंगीत काचा, लाकडी बाकं, घंटेवरचा मजकूर, असं काही मी उत्साहाने दाखवायला गेलो की काका "नोंद घेतली" म्हणत आणि सरळ चर्चमागच्या कबरस्तानाकडे चालू पडत. मला राग यायचा.

तिथे त्यांचं खरं इन्स्पेक्शन चाले. छत्रीचं टोक जमिनीत खुपसून माती बघायची. चौकीदाराला विचारायचं, "भाई, बारिश में पानी भरता है क्या?" मग दगडांवरची नावं वाचून शेरा. पहिल्या चर्चला, "सगळे कर्नल. शेजार जड जाईल." दुसऱ्याला, "निचरा नाही." तिसऱ्याच्या कुंपणाला बिल्डरचा बोर्ड टेकला होता. काका त्या बोर्डाशीच भांडल्यासारखे बोलले, "हे लोक दहा वर्षांत सगळं उठवणार. नामंजूर."

"काका, तुम्ही चर्च बघताय की जागा?" मी वैतागून विचारलं.

"जागा," ते शांतपणे म्हणाले. "हिच्यासाठी. डॉक्टर म्हणतात, हिचं हार्ट बिल्कुल साथ देत नाही. माझ्यापायी हिच्या नऊ बदल्या झाल्या रे. दर वेळी जुने पडदे उसवून नव्या खिडक्यांना बेतत बसायची. आता एकच जागा, कायमची. पण हिच्यापाशी बोलू नकोस."

इतके रविवार मी या माणसाला मनातल्या मनात नावं ठेवत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी चौथं चर्च. सगळ्यांत लहान, पत्र्याचं, बघण्यासारखं काहीही नसलेलं. मागे शिरीषाखाली छोट्या छोट्या कबरींची एक रांग होती. कुठल्याशा तापाच्या साथीत गेलेली मुलं. काकांनी छत्री खुपसली नाही. खाली बसले आणि रुमालाने एका दगडावरचं शेवाळ पुसू लागले.

"झाशीला आमची मुलगी गेली. आठ महिन्यांची," ते म्हणाले. "लगेच बदली आली. तिला तिथे एकटीला ठेवून निघालो. हिने त्यानंतर झाशीचं नाव काढलं नाही." मग बराच वेळ पुसत राहिले. "इथे चालेल. हिला पोरांची सोबत होईल."

काका हातपंपावर हात धुवायला गेले आणि मी एकटाच व्हॅनपाशी आलो. काकूंनी माझ्या हातात थालीपीठ ठेवलं.

"पसंत पडली का त्यांना?"

"काय पसंत पडली?" मी वेड पांघरलं.

"अरे, छत्री खुपसत हिंडणारा नवरा मला कळत नाही होय?" काकू म्हणाल्या. "गेल्या रविवारी मीच पाळकसाहेबांना विचारलं. म्हणाले, या चर्चमागे लहान मुलं आहेत. म्हटलं, यांना इकडेच पाठवा." हातपंपाकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "मी दोन जागा सांगून ठेवल्यात. त्यांना एकट्यांना झोप लागत नाही."