गाडीच्या पोटातलं पंचामृत

या, असे जवळ सरकून बसा. टाळ ठेवा खाली. बुवा यायला अवकाश आहे, तोवर कोल्हारच्या आप्पासाहेबांवर काय बेतलं ते सांगतो.

आप्पासाहेबांची मोटारसायकल अमेरिकन. जुनी, लांबच्या प्रवासाची, म्हशीएवढी. पुढं काच, मागं दोन्ही अंगांना पेट्या. नगरच्या एका निवृत्त लष्करी साहेबाकडून बंद पडलेली आणली आणि वर्षभर तिच्यापायी उसाकडं बघितलं नाही. वायरिंग नवं केलं, कार्बोरेटर किती वेळा खोलला त्याला गणती नाही. शेवटी ती गरजली, तेव्हा शेजारच्या गायींनी पान्हा चोरला. त्याच भरात आप्पासाहेबांनी देवळात जाहीर करून टाकलं, की नवमीच्या कीर्तनाला बुवांना राहुरीहून याच गाडीवर आणणार, अन् आवाज साऱ्या गावानं ऐकायचा.

खंडेनवमीला सकाळी गाडीची पूजा मांडली. पेट्रोल ओतायला त्यांनी टाकीचं झाकण काढलं, तोच बुवांचा फोन आला. रेंज मिळेना म्हणून ते अंगणात गेले. परत येतात तो बनुआत्या रिकामी वाटी पदरानं पुसत उभ्या.

"आत्या, पंचामृत कुठंय?"

"पाजलं की तिला," आत्या म्हणाल्या. "आ वासून बसली हुती. देवाच्या अंगावरचं सारं वाहून जातं. हिच्या पोटात तरी गेलं."

"दूध, दही, तूप, मध, साखर... सगळं?"

"केळं बी कुस्करलं हुतं."

आप्पासाहेबांचा नुसता भडका उडाला. पण सणाचा दिवस, आणि आत्यांनी त्यांना लहानाचं मोठं केलेलं. आत्यांना काही बोलता येईना, म्हणून ते दूधसंस्थेला बोलले, मधमाश्यांना बोलले, आणि टाकीला एवढं तोंड ठेवणाऱ्या अमेरिकेचा तर त्यांनी उद्धारच केला. टाकी उतरवली, पेट्रोलनं खळखळून धुतली. गाळणीत केळं निघालं. मुंग्यांची रांग ओट्यावरून थेट इंजिनापर्यंत लागली.

धनश्रीवहिनी म्हणाल्या, "अहो, माझी स्कूटी घेऊन जा की."

"स्कूटीवर बुवा? मग गावाला तोंड कसं दाखवू?"

"बुवा जाडजूड हायेत. त्यांना पुढं बसवा, तुमी मागं लपा."

दुपार कलताना गाडी चालू झाली. आप्पासाहेब राहुरीला दिमाखात गेले, बुवांना मागं बसवलं आणि निघाले. प्रवरेच्या पुलाच्या अलीकडं गाडी खोकली, शिंकली आणि गप्प झाली. टाकीच्या कानाकोपऱ्यात राहिलेलं दही नेमकं तिथं आडवं आलं होतं.

मागून गावातल्याच कारभारीची घासाची बैलगाडी आली. दुसरा इलाज नव्हता. कासरा बांधला, बैल पुढं, अमेरिका मागं. आप्पासाहेब दोन्ही पाय जमिनीवर घासत, दात-ओठ खात हँडल सांभाळत होते. बुवा मात्र ऐसपैस बसले होते. घुंगरांचा ठेका सापडताच त्यांनी अभंग धरला. इंजिन बंद, त्यामुळं आवाज पार मळ्यांपर्यंत गेला. माणसं रस्त्यावर आली. बाया बुवांच्या पायावर पाणी घालू लागल्या, आणि ते सगळं आप्पासाहेबांच्या बुटात गेलं. वेशीपर्यंत निम्मं गाव मागं चालत होतं.

कीर्तनानंतर देवस्थानच्या विश्वस्तांनी आप्पासाहेबांना पुढं बोलावलं. एवढी मोठी गाडी असून, बुवांचा अभंग लोकांच्या कानी पडावा म्हणून या माणसानं इंजिन बंद ठेवलं, अशी निरहंकारी वृत्ती बघितली नव्हती, वगैरे.

"बंद ठेवलं न्हाई, बंद पड..." आप्पासाहेब म्हणेपर्यंत गळ्यात हार पडला आणि टाळ्यांत उरलेला शब्द बुडाला.

लगेच ठरावही झाला. दरवर्षी बुवा असेच येतील. याच गाडीवर, इंजिन बंद ठेवून. वजन जास्त होतंय, तर इंजिन काढूनच ठेवलं तर कसं, असंही कुणीतरी सुचवलं.

तर मंडळी, आज आरतीला हात जोडाल तेव्हा आप्पासाहेबांची काळजी करू नका, त्यांना हार मिळाला. कारभारीच्या बैलांना मात्र त्या गर्दीत कुणी घासाची पेंढीही टाकली नाही. त्या दोघांची तेवढी आठवण ठेवा.