बावीस मिनिटांचं अंतर

“अंतर ही मागासलेल्या लोकांची समजूत आहे,” मंत्रिमहोदयांनी जाहीर केलं. “सांता रुफिना ते पुएर्तो सेनिसा हे हवाई अंतर आजपासून बावीस मिनिटं राहील!” तसा पितळी फलक दोन्ही विमानतळांवर ठोकण्यात आला. मग मंत्रिमहोदय बोटीनं परत गेले. विमानात त्यांना मळमळतं.

विमान एकच. कुरणांवरून गोमांस नेणारं, आणि उरल्या जागेत माणसं. त्याला पस्तीस मिनिटं लागत. वैमानिक नेमेसिओनं तसं वर कळवलं. उत्तर आलं: फलक पितळी आहे, घड्याळ प्लास्टिकचं, बदलण्याजोगी वस्तू बदलावी. तेव्हापासून विमान कुठंही उतरलं की दोन्ही विमानतळांवरची घड्याळं तेरा मिनिटं मागं सरकवण्यात येऊ लागली. गावं विमानतळाच्या घड्याळावर चालत. रोज एक जाणं, एक येणं. तीन आठवड्यांत दोन्ही गावं नऊ तास मागं पडली.

तक्रार कुणाचीच नव्हती. तीन आठवड्यांत विमान एकदाही उशिरा आलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ ‘वेळेवर’ म्हणत असताना खिडकीबाहेर डोकावायला कोण जातं? तुम्ही आज गेला होतात?

होनोरातो मास्तरांना मात्र जावं लागलं. त्यांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं होतं, आणि नातीच्या बाप्तिस्म्याला ते धर्मपिता होणार होते. पाद्रीबाबा तीन महिन्यांतून एकदा पुएर्तो सेनिसाला येत आणि त्यांची बोट रविवारी सूर्य डोक्यावर आला की सुटे. मास्तर पोचले नाहीत, तर धर्मपिता खाटीक ब्राउलियो, असं जावयानं ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी मास्तर केक घेऊन सांता रुफिनाच्या विमानतळावर तिकीटखिडकीशी उभे राहिले.

“तुमचं तिकीट रविवारचं,” कारकून सुल्मा म्हणाली. “आज शनिवार आहे. रात्रीचे अकरा.”

“अगं, ऊन पडलंय!”

“ते आमच्या खात्याकडे नाही, मास्तर.”

“आणि विमान कसं उडतंय?”

“मांस नेतंय. मांसाला वार नसतो.” ती थबकली. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, “चढा काट्यावर.”

मास्तर केकसकट मांसाच्या काट्यावर चढले. बहात्तर किलो. शिक्का बसला: ‘हाडांसह, नाशवंत.’

पुएर्तो सेनिसाला विमान बावीस मिनिटांत, म्हणजे पस्तीस मिनिटांत, उतरलं. मास्तर चर्चकडे पळू लागले तसा पहारेकऱ्यानं हात आडवा केला.

“कुठं? मालाची पावती झाल्याशिवाय माल हलत नाही. ज्याचा माल त्यानं सही करायची.”

“कुणाचा माल?”

“गावात खाटीक एकच.”

सूर्य डोक्यावर येत आला तेव्हा ब्राउलियो पावती घेऊन सावकाश आला. त्यानं मास्तरांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं.

“जून आहे,” तो म्हणाला. “सही नाही केली तर माल शीतगृहात जातो. आणि धर्मपिता मी.”

“ब्राउलियो, बाळा...”

“बाळा? गणितात तीनदा नापास केलंत तेव्हा काय म्हणायचात? गाढवा.”

नदीवर बोटीचा पहिला भोंगा वाजला. ब्राउलियोनं पेन उघडलं, पावतीवर टेकवलं, आणि तो अडला. बराच वेळ अडला. मग पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं तो मान खाली घालून पुटपुटला.

“मास्तर, सही करतो. निव्वळ वजन लिहावं लागतं. केक चार किलोचा आहे ना? मग बहात्तरातून चार गेले की किती, तेवढं जरा सांगता का?”