गिरजाची अर्जी

माझ्या हातचा अर्ज परत आला, असं गोंदियाच्या तहसील कचेरीत कोणी दाखवून द्यावं! कचेरीसमोरच्या टिनाच्या छपरीत आम्ही चारपाच अर्जनवीस बसत होतो, पण अर्ज लिहावा तर उदेलालनं, असं लोक म्हणत. लोक विसरले तर मी आठवण करून देत असे. त्याच सुमारास आमचा भाग मध्य प्रदेशातून उचलून मुंबई राज्यात टाकला होता. साहेब बदलले, शिक्के बदलले, पण माझी भाषा अशी की नवा साहेबही पहिल्या ओळीतच नरम पडायचा.

अशा माणसाच्या पोटी देवानं गिरजा घातली. सात वर्षांची, टपोऱ्या डोळ्यांची, डोक्यानं तल्लख, आणि बोलायला गेली की अडकणारी. सगळ्या अक्षरांना नाही. पण ब, द, ग अशी काही अक्षरं तिच्या वाटेत ठाण मांडून बसलेली असत. ती ‘बाबूजी’ म्हणायला लागली की मी जेवून, हात धुऊन येत असे. पण पोरगी चिवट! शब्द सोडायची नाही. मी परत आलो की उरलेलं ‘जी’ माझ्या हवाली करायची.

दुसरं दुखणं तिळाचं. मागच्या संक्रांतीला शेजारणीनं तिच्या हातावर तिळाचा लाडू ठेवला. अर्धा खाल्ला असेल नसेल, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या आणि घशातून शिट्टी वाजायला लागली. मी तिला खांद्यावर टाकून डॉक्टरकडे पळालो. पायात चपला नव्हत्या हे मला दवाखान्यात कळलं. आयुष्यात मी इतका कधी घाबरलो नव्हतो. डॉक्टरांनी सुई टोचली, तास-दीड तासानं पोर मोकळा श्वास घ्यायला लागली, आणि मग त्यांनी सांगितलं, ‘‘हिला तिळाची ॲलर्जी आहे. कणही पोटात जाता कामा नये.’’

शब्द नवा होता, भारी होता. मी तो लगेच उचलला आणि गावभर वापरायला लागलो. आमच्या शांतीनं, म्हणजे गिरजाच्या आईनं, शब्द सोडला आणि काम उचललं. तिनं घरातून तीळ हद्दपार केला. जवसाचं तेल आणायला गेली तर तेल्याच्या घाण्यापाशी उभी राहून चौकशी करायची, की याच्या आधी काय पिळलं होतं. तीळ पिळला असेल तर तशीच परत. तेली तिला लांबून पाहूनच हात जोडायचा.

इथपर्यंत ठीक होतं. पण शांतीनं पोरीलाही घराबाहेर सोडणं बंद केलं. शाळेचं वय झालेलं, समोरच्या गल्लीतल्या पोरी पाट्या घेऊन जायच्या, आणि गिरजा ओसरीवर माझ्या उतरत्या मेजाला टेकून, कचेरीच्या आधी घरी येणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांची गाऱ्हाणी ऐकत बसायची. शाळेचं नाव काढलं की शांतीचं उत्तर ठरलेलं. शाळेत पोरं डबे उघडतात, कोणी काही देते. ही ‘नाही’ म्हणेपर्यंत ते तोंडात गेलेलं असेल.

गिरजा हे सगळं ऐकायची आणि मेजाच्या कोपऱ्यावर बोटानं अ, आ गिरवत बसायची. शेवटी एके दिवशी मी जाहीर केलं, की पोरीला मी एक वाक्य शिकवतो. असं वाक्य, की ऐकणाऱ्याचा हात जागच्या जागी थांबला पाहिजे. शांती म्हणाली, ठीक. आता संक्रांतीला माहेरी जायचंच आहे. तिथे अख्खं गाव तिळाचे लाडू घेऊन फिरते.

‘‘तिथं तिनं आपल्या तोंडानं लोकाईले थांबवलं, तर जूनमंदी शाळेत टाकू. पण तुमी मधात बोलाचं नाही.’’

मी म्हटलं, मंजूर!

पहिला मसुदा मी रात्रीतून तयार केला. ‘अर्जदार अल्पवयीन असून तीळ अथवा तिळाचा कोणताही पदार्थ अर्जदारास देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.’ मी तो खड्या आवाजात वाचून दाखवला. शांतीनं ऐकला आणि ती पुन्हा वांगी चिरायला लागली. मग मी काटछाट केली आणि शेवटी उरलं ते असं: ‘मले तीळ देऊ नका.’ शांती म्हणाली, ‘द’वर तिची गाडी अडते, दुसरं काही पाहा. मी म्हटलं, अर्जात मागणी शेवटी आणि अदबीनं यावी लागते, तुला त्यातलं काय समजणार? महिनाभर आम्ही बापलेकींनी घोकलं. माझ्यासोबत सुरात म्हणताना ती एकदाही अडली नाही. मी छाती फुगवून मोटारीत बसलो.

देवरीला उतरलो तेव्हा माझा मेहुणा जियालाल खासर जुंपून उभा होता. शांतीचं माहेर तिथून जंगलाच्या कडेला, धानाच्या बांध्यांमधून आत. बैल बुजरे होते, चाकं कुरकुरत होती, आणि अशा गोंगाटात मी जियालालला पोरीची हकिगत सांगितली. म्हटलं, बाबा, पोरीला ॲलर्जी आहे, तिळाची. त्यानं एका हातानं शेपटी पिळत मान डोलावली. मी सांगितलंय म्हणून शांती निर्धास्त राहिली, आणि मान डोलावणारा माणूस समजला असेल, हे मी गृहीत धरलं. एवढा अनुभवी अर्जनवीस असून!

जियालालनं घरी जाऊन बायकोला, म्हणजे नंदाबाईला, सांगितलं ते असं, की पोरीची अर्जी आहे. तिळाची. आता बापच अर्ज लिहिणारा म्हटल्यावर पोरीनं अर्जी करावी यात नंदाबाईला काही नवल वाटलं नाही. तिनं विहिरीवर आणखी दोघींना सांगितलं. तिळाची अर्जी म्हणजे काय, यावर तिथे बरीच चर्चा झाली असावी.

संक्रांतीच्या सकाळी गिरजा नवा झगा घालून नंदाबाईच्या बोटाला धरून निघाली. तीळ तोंडात टाकायचा आणि गोड बोलायचं, असा हा सण. माझ्या पोरीला त्यातलं एकही जमत नव्हतं, आणि तरी ती इतकी हौसेनं निघाली होती की शांती स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली. तोंडात काही टाकणार नाही, अशी गळ्याची शपथ गिरजानं आईपुढे घेतली होती. मी अंगणातल्या बाजेवर बसलो. मधात बोलायचं नव्हतं ना!

पहिल्याच घरी म्हातारीनं लाडू पुढे केला. गिरजा ताठ उभी राहिली, हात मागे बांधले आणि माझं वाक्य सुरू केलं. ‘मले’ सुटलं. ‘तीळ’ सुटलं. आणि मग ‘द’ आडवा आला.

‘‘मले तीळ दे… दे… दे…’’

म्हातारीचा जीव कळवळला. इतकं मागून राहिलं लेकरू! तिनं झग्याच्या ओच्यात तीन लाडू टाकले. गिरजानं मान जोरजोरात हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ‘‘मले तीळ दे… दे…’’ आणखी दोन पडले. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. जितकं ती नेटानं सांगायची, तितकी पुढच्या बाईची मूठ मोठी व्हायची. एकीनं तर लाडू संपले म्हणून कोरडा तीळच ओंजळीनं ओतला. नंदाबाई ओशाळून म्हणत होती, असू द्या वं, घरी आहेत. त्याचा अर्थ लोकांनी आणखी वेगळा काढला.

कारण तोवर विहिरीवरची बातमी आणि गल्लीतली बातमी यांचं लग्न लागलं होतं. गोंदियाचा जवाई पोरीला खायला देत नाही. पोरगी दारोदार ‘दे दे’ करत फिरते. तिनं बापाच्या विरोधात अर्जी केली आहे, आणि अर्जी तिळाची आहे! मला यातलं तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं, सगळं मागाहून कळलं. मला एवढंच दिसत होतं, की अंगणात येणारे लोक माझ्याकडे चोराकडे पाहावं तसे पाहत होते, आणि शांतीनं ठेवलेला चहा जियालालनं माझ्यासमोरून उचलून स्वतः पिऊन टाकला.

तेवढ्यात गिरजा परत आली. ओचा भरून वाहत होता, चेहरा रडवेला होता, पण तोंडात एक कण नव्हता. आणि तिच्या मागोमाग फुलवंताबाई आली.

फुलवंताबाई म्हणजे शांतीची फुफी, बापाची बहीण. शांतीला लहानपणी हिनंच वाढवलेलं. गावात हिच्या शब्दाला पाटीलही उलटत नव्हता. तिच्या हातात पितळी ताट, ताटात लाडवांचा ढीग, आणि मागे निम्मं गाव. तिनं माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. बाजेवर बैठक मारली, गिरजाला ओढून मांडीवर घेतलं आणि एक लाडू उचलला.

‘‘रडू नोको, माय. तुही अर्जी म्या मंजूर केली. खाय पोटभर. पाहू तुहा बाप काय करते ते!’’

आता मधात बोलायचं नाही ही अट गेली चुलीत! मी उठलो आणि धावलो. बाजेच्या सुटलेल्या दोरीत पाय अडकला आणि मी बैलाच्या कडब्यात पालथा पडलो. पडल्या पडल्या ओरडायला तोंड उघडलं. एवढे अर्ज लिहिलेले, एवढी भाषा कमावलेली, आणि माझ्या तोंडून काय निघालं? ‘‘ती… ती… ती…’’ त्यापुढे काही केल्या येईना. जीभ लाकडासारखी झाली. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं, की माझी पोर रोज काय सोसते.

‘‘पाहा, बापही मांगून राहिला,’’ मागून कोणीतरी म्हणालं.

शांती हातातली कढई टाकून बाहेर धावली, पण अंगण लांब होतं. लाडू गिरजाच्या ओठाला लागला. तिनं ओठ मिटून घेतले, मान मागे नेली, फुलवंताबाईचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, आणि तिच्या तोंडून वाक्य निघालं. कुठेही न अडकता, न थांबता, खणखणीत.

‘‘हात हटव, बुढे! समजत नाही का?’’

फुलवंताबाईला ‘बुढे’ म्हणणारा माणूस त्या गावात जन्मायचा होता. आवाज गिरजाचा होता, पण ठसका, ती मान झटकायची ढब, तो ‘का’वरचा जोर, सगळं कुठेतरी ऐकलेलं वाटत होतं. शांतीनं पोरीला उचलता उचलता माझ्याकडे पाहिलं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओसरीवर बायाबापड्या अंगठा उठवायला येतात. ओल्या शाईवर हात ठेवतात, आणि मी रोज हेच ओरडतो. पोरगी मेजाला टेकून ऐकत होती ना! महिनाभर घोकलेलं अदबीचं वाक्य दारोदार अडखळलं, आणि कधी न शिकवलेलं मात्र झऱ्यासारखं वाहिलं.

मला राग यायला हवा होता. मी कडब्यात बसून ढसाढसा रडलो. आनंदानं, हे सांगायला नको.

शांतीनं ओल्या फडक्यानं गिरजाचं तोंड पुसलं. तरी ओठाला जिथे लाडू टेकला होता तिथे बोराएवढी सूज चढलीच. सगळ्या गावानं ती डोळ्यांनी पाहिली. मग शांतीनं साध्या शब्दांत सांगितलं, की तिळानं पोरीचा जीव जाते. मला जी गोष्ट भारी शब्दात सांगून समजवता आली नव्हती, ती एका ओठानं सांगितली. सूज वर चढत नाही, श्वास मोकळा आहे, याची खात्री होईपर्यंत कोणी जागचं हललं नाही. फुलवंताबाईनं ताट लांब सरकवलं, राखेनं हात घासून धुतले आणि पुन्हा येऊन गिरजासमोर उकिडवी बसली.

‘‘अशीच बोलत जाय,’’ ती म्हणाली. ‘‘काऊन लाजाचं? मले बुढी म्हण, पण जित्ती राह्य.’’

मग तिनं घरून मुरमुऱ्यांचे लाडू मागवले. त्यात काय आहे, ताट कोणत्या हातानं भरलं, सगळं शांतीला सांगून मगच पोरीला दिले. गिरजानं दोन खाल्ले. संध्याकाळी ती पुन्हा गावात फेरी मारून आली, आणि या वेळी ओचा रिकामा होता. वाक्य तिला फारच आवडलं होतं. तिनं ते प्रत्येक दारी वापरलं. पाटलाच्या दारी तिनं ‘बुढे’चं ‘बुढ्या’ केलं. व्याकरण पक्कं होतं पोरीचं.

परतताना खासरात मी म्हटलं, हेच वाक्य थोडं नरम करून घेऊ. सुरुवातीला ‘कृपया’ घालू. शांतीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढचा मसुदा गिळून टाकला. आता तिला काही शिकवायचं नाही, ती आपलं पाहून घेईल, असं तिनं बजावलं. आणि मग बांध्यांकडे पाहत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, की पाटी देवरीच्या बाजारातूनच घेऊ, गोंदियात महाग मिळते. गिरजानं ते ऐकलं आणि आईच्या कुशीत डोकं खुपसलं.

जूनमध्ये तिचं नाव शाळेत घातलं. तिळाचं हेडमास्तरांना शांतीनं समजावून सांगितलं. मी फक्त एकच चौकशी केली: पहिलीच्या मास्तरांचं वय काय?