सासऱ्यांच्या गाडीतला पिवळा दिवा

जावईबापूंचं म्हणणं एकच होतं. यंत्र कुठलंही असो, त्याला नीट विचारलं की कुठं दुखतंय ते आपणहून सांगतं. हे त्यांनी घरच्या मिक्सरवर करून पाहिलं होतं. मिक्सर सध्या माळ्यावर असतो.

सासरे हा माणूस छत्रीसुद्धा उसनी न देणारा. पण लेकीला नवं घर लावायचं होतं, तिला नाही म्हणता येईना, म्हणून गाडी आठवड्यासाठी मिळाली. जावईबापू ऐटीत निघाले आणि पहिल्याच चौकात त्यांचं लक्ष गेलं. समोर डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला होता.

लग्नाला सात वर्षं झाली, सासऱ्यांनी त्यांच्या हाती साधा पाना दिला नव्हता. आता कुठं गाडी दिली, तर तिची ही गत.

"बाबांना फोन करून सांग," बायको म्हणाली.

"काय सांगू? चौकापर्यंत नेली आणि इंजिन घालवलं?"

फोन राहिला. त्याऐवजी काडेपेटीएवढं एक यंत्र घरी आलं. ते स्टिअरिंगखाली खोचायचं आणि गाडीचं दुखणं मोबाइलवर वाचायचं. जावईबापूंनी वाचलं: पेट्रोलची वाफ गळते आहे. खाली आणखी चार ओळी होत्या, पण गळतंय म्हटल्यावर पुढचं वाचत बसायला वेळ कुणाला?

बॉनेट उघडून ते एकेक नळी हुंगू लागले. शेजारचे निवृत्त गणिताचे मास्तर कुतूहलानं आले आणि तेही हुंगू लागले.

"ही," मास्तर म्हणाले.

"नाही, ही," जावईबापू म्हणाले.

वाद नको म्हणून दोन्ही नळ्यांना चिकटपट्टी गुंडाळली. मग यंत्रावरचं 'पुसा' बटण दाबलं. दिवा विझला. दोन दिवसांनी पुन्हा लागला. पुन्हा पुसला, आणखी पट्ट्या गुंडाळल्या. शेवटी बॉनेटखाली अपघात वॉर्डाची कळा आली.

"खालच्या ओळी तरी वाच," बायकोनं मोबाइल हातात घेतला. "सगळ्यात आधी टाकीचं झाकण तपासा, असं लिहिलंय."

झाकण पाहिलं. नुसतं टेकवलेलं होतं. जावईबापूंनी ते करकचून आवळलं, दिवा पुसला, गुपचूप सगळ्या पट्ट्या सोलल्या. आठवडा संपेपर्यंत दिवा काही लागला नाही. आनंदानं त्यांना रात्री जेवण जाईना.

रविवारी गाडी परत करायला गेले, तेव्हा फाटकाशी सासरे उभे होते. बरोबर त्यांचे साडू होते. ज्यांनी आजवर मागून नेलेली एकही वस्तू धड परत केलेली नाही, ते हे.

"बाबा," जावईबापू खाली उतरता उतरता म्हणाले, "इंजिनाचा दिवा लागत होता. मी तो कायमचा घालवला."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. साडू मात्र लगबगीनं गाडीत डोकावले.

"खरंच की हो! नाहीतर मी दर वेळी विचारायचो आणि तुम्ही म्हणायचा, इंजिनाचं काम निघालंय, भरवसा नाही. आता काळजी मिटली. पंधरा दिवसांसाठी नेतो, काय?"

त्यांनी जावयाच्या हातातून किल्ली घेतलीसुद्धा. गाडी फाटकाच्या खांबाला घासून, वळून, दिसेनाशी झाली.

सासऱ्यांनी खांबावरचा ओरखडा बोटानं चाचपून पाहिला.

"चार वर्षं ते झाकण मी हातानं सैल ठेवत होतो," ते हळूच म्हणाले. "तुम्हीही दिवा बघून चौकातूनच परत याल, असं वाटलं होतं."

आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावईबापू, तुमचं ते यंत्र दिवा लावतं का हो?"

"नाही बाबा. फक्त विझवतं."