भांडायला बसणारे सोमाजी

सोमाजी घरात शिरले की खाटेवरचा म्हातारा शिव्या द्यायला लागायचा, आणि घरची माणसं निर्धास्त होऊन शेतावर जायची.

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. मी तेव्हा सौंदडला मास्तर होतो. रोवणा सुरू झाला की धानाची रोपं लावायला अख्खं गाव बांधीतल्या चिखलात उतरे. घरात उरत ती अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं. त्यांच्याजवळ बसायला सोमाजींना बोलावणं येई. दोन वेळचं जेवण आणि हंगामाअखेर थोडं धान, एवढ्यावर. पाय चेपणं, पेज भरवणं, सगळं करत. पण त्यांची खरी विद्या भांडणाची.

आमच्या शेजारचे बाबाजी भिंतीकडे तोंड करून पडले होते. पेजेला तोंड लावीनात. सोमाजी खाटेशी बसले आणि म्हणाले, "बाबाजी, तुमचा ढवळ्या बैल लंगडा होता."

बाबाजी ताडकन उठून बसले. "कोण म्हणते? तुह्या बापानं पाह्यला होता का?" त्या तावात वाटीभर पेज संपली.

"आजारी माणसाशी कशाला भांडता?" मी विचारलं.

"गुरुजी, बुढ्याले सारेच हो हो म्हणून राहिले. मंग त्याले वाटते, आपलं सरलं. भांडलं का जीव परत येते."

रोवणा उरकला की सोमाजींना कोणी विचारत नसे. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. मग ते स्टेशनवर जाऊन तिकीटबाबूशी गाडीच्या उशिरावरून वाद घालत. गाडी वेळेवर आली तरी घालत. बाबू खिडकी लावून घेई. बंद खिडकीसमोर उभे सोमाजी पाहिले की मला फार वाईट वाटे.

एका वर्षी रोवण्यात ते दिसलेच नाहीत. पेज घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"ताप आहे का?"

"हो."

"बरं वाटेल लवकर."

"हो."

सोमाजी आणि हो! मी खाटेशी बसलो. दुसरं काही सुचेना.

"सोमाजी, तुमच्या हातची पेज खारट असते," मी म्हणालो. "सारं गाव म्हणतं."

मान हळूच वळली. "कोण म्हणते? नाव सांगा."

"मीच म्हणतो."

ते कोपरावर उठले. डोळे भरून आले होते. "गुरुजी, उद्या येसान का?"

हो अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून मी म्हणालो, "नाही. मला वेळ नाही."

"काऊन वेळ नाई?" सोमाजी ओरडले, आणि पेजेची वाटी ओढून घेतली.